सुगीनंतरची सहल : पाच मुक्कामांचे नियोजन

पेरणी केव्हा करावी, पाणी केव्हा द्यावे, फवारणी केव्हा घ्यावी याचे नियोजन आपण दरवर्षी करतो. परंतु वर्षातून पाच-सहा दिवस कुटुंबासह बाहेर पडण्याचे नियोजन मात्र क्वचितच कोणी करतो. गावोगावच्या मेळाव्यांत हा विषय निघाला की एकच प्रश्न ऐकू येतो : "साहेब, शेत सोडून जायचे तरी केव्हा?" प्रश्न रास्त आहे. जून ते सप्टेंबर खरीप, त्यामागोमाग मळणी, लगेच रब्बी, नंतर कापसाचा वेचा, तुरीची सोंगणी आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण. त्यात घरची जनावरे आणि रात्रीची जागल. परिणामी बुलडाणा जिल्ह्यात असे अनेक शेतकरी आहेत की ज्यांचे गाव लोणारपासून दोन तासांवर आहे, मात्र घरातील स्त्रियांनी सरोवर पाहिलेले नाही.

सहल म्हणजे केवळ करमणूक नव्हे. दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याचे पीक आणि दुसऱ्याची पाण्याची सोय डोळ्यांनी पाहिली म्हणजे स्वतःच्या शेताचे गुणदोष लवकर उमगतात. भारताचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. शेतकऱ्याने प्रत्यक्ष पाहावे, मगच ठरवावे, हाच त्यामागील विचार होता. प्रस्तुत लेखात दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, बुलडाणा येथून निघून पाच मुक्काम करून परत येता येईल अशा सहलीचा आराखडा दिला आहे. या काळात परतीचा पाऊस बहुधा संपलेला असतो, नदीनाले वाहते असतात, डोंगर अद्याप हिरवे असतात आणि उन्हाचा ताव कमी झालेला असतो.

निघण्याची तारीख पिकाला विचारावी

सहलीची तारीख पंचांगावरून किंवा शाळेच्या सुट्टीवरून न ठरवता प्रथम पिकावरून ठरवावी. आपल्या भागात सोयाबीन निघाल्यावर बहुतेक शेतकरी हरभरा घेतात. ओलिताखालील हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून १० नोव्हेंबरपर्यंत चालते. बियाणे सहा ते आठ दिवसांत उगवते. पहिली डवरणी २० ते २५ दिवसांनी आणि पहिले पाणी २५ ते ३० दिवसांनी द्यावयाचे असते. याचा अर्थ असा की, उगवण झाल्यापासून विसाव्या दिवसापर्यंत हरभऱ्यास मालकाची फारशी गरज नसते. हीच आपली सवड होय.

म्हणून नियम सोपा ठेवावा. पेरणीनंतर आठव्या दिवशी शेतात फिरून उगवण पाहावी, तुटाळ असल्यास नांगे भरावेत आणि आठवा दिवस किंवा त्यानंतर येणारा पहिला सोमवार निघण्यासाठी निवडावा. सहा दिवसांची सहल करून शनिवारी परत आल्यास पेरणीला जास्तीत जास्त १९ दिवस झालेले असतात. डवरणी हुकत नाही आणि पाणीही हुकत नाही. सोमवारीच का निघावे, याचा खुलासा पुढे येईल.

इतर पिकांबाबत पुढील काळजी घ्यावी.

१) कपाशी : पहिला वेचा आटोपून निघावे. दोन वेच्यांमध्ये साधारणतः १५ ते २० दिवसांचे अंतर असते, त्यामुळे सहा दिवस अडचण येत नाही. फुटलेला कापूस झाडावर ठेवून जाऊ नये. अवकाळी पाऊस आल्यास प्रत बिघडते. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावलेले असावेत आणि त्यातील पतंग रोज मोजण्याचे काम शेजाऱ्यास समजावून द्यावे. सलग तीन रात्री सापळ्यात प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास त्याने आपणास दूरध्वनीवरून कळवावे.

२) तूर : या काळात तूर कळी व फुलोऱ्यावर येते. फुलोरा सुरू झाला असल्यास निघण्यापूर्वी ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी उरकून घ्यावी.

३) सोयाबीन : मळणी झालेले सोयाबीन चांगले वाळवून, ओलावा १० ते १२ टक्क्यांपर्यंत आणूनच पोत्यांत भरावे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. सहलीच्या खर्चासाठी पडत्या भावात सोयाबीन विकू नये. त्याऐवजी बचत गटाप्रमाणे वर्षभर दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी.

४) गहू : ज्यांना गहू घ्यावयाचा आहे त्यांनी जमीन तयार करून ठेवावी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहल झाल्यास परत येऊन १५ नोव्हेंबरपर्यंत पेरणी साधता येते.

५) जनावरे व राखण : दोन-तीन कुटुंबांनी आळीपाळीने जाण्याचे ठरवावे. या वर्षी तुम्ही गेलात तर तुमचे दूध काढणे, वैरण-पाणी आणि रोही-रानडुकरांची राखण शेजारी करील. पुढील वर्षी तो जाईल तेव्हा तुम्ही करावी. पैशाने माणूस लावण्यापेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची ठरते. कीटकनाशकांची पेटी कुलूपबंद करावी आणि गाभण जनावराच्या विण्याची तारीख जवळ असल्यास घरातील एकाने मागे राहावे.

मुक्काम का करावा

पूर्वी शेगावला किंवा देऊळगावराजाच्या यात्रेला आपले आजे-पणजे बंडीने किंवा दमणीने जात. बैल थकले की सोडावेच लागत. पाणी असेल, झाड असेल तेथे मुक्काम पडे. रात्री बंडी हाकण्याचा हट्ट कोणी धरत नसे. आता जीपगाडी थकत नाही, पण ती चालविणारा माणूस थकतो ही गोष्ट आपण विसरतो.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतः घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी चिखली तालुक्यातील अकरा शेतकऱ्यांसोबत पश्चिम महाराष्ट्रात फळबागा पाहण्यास जाण्याचा योग आला होता. परतीच्या दिवशी एका मुक्कामाचे भाडे वाचवावे म्हणून रात्रीच निघायचे ठरले. हे ठरविणाऱ्यांत मीही होतो. चालक सकाळपासून गाडीवर होता. त्याने दोनदा चहासाठी थांबण्याविषयी विचारले, आणि दोन्ही वेळा आम्ही "आता पोहोचतोच आहोत" असे म्हणालो. पहाटे अडीचच्या सुमारास त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून ज्वारीच्या शेतात उतरली. सुदैवाने प्राण वाचले, परंतु एका शेतकऱ्याचा उजवा हात मोडला. घरात करता पुरुष तो एकटाच. त्या वर्षी त्याचा हरभरा दुसऱ्यांनी पेरला, तोही उशिरा. वाचविलेले भाडे अकरा जणांत वाटले असता प्रत्येकी एका जेवणाइतकेही भरत नव्हते. तेव्हापासून मी कोणत्याही शेतकरी गटाबरोबर जाताना एकच अट घालतो : सायंकाळी पाच वाजता गाडी मुक्कामावर उभी असली पाहिजे.

आपल्या जिल्ह्याने याहून मोठे दुःख पाहिले आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ एका खाजगी प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला झाला असून तो आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांतून जातो. रस्ता उत्तम आहे. तथापि वळण नाही, गाव नाही, बाजार नाही अशा सरळ रस्त्यावर एकाच वेगाने तासन् तास गाडी चालविल्यास चालकाची नजर जड होते. शिवाय झिजलेले किंवा कमीजास्त हवेचे टायर अशा वेगात धोक्याचे असतात. आपल्या सहलीत या महामार्गाची गरज नाही. पाहण्यासाठी निघालेल्या माणसाला गावातून जाणारा रस्ताच अधिक उपयोगाचा असतो.

दिवसाचा हिशोब

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या आधीच मावळतो. उन्हाळ्यातील सहलीचा अंदाज या दिवसांत लागू पडत नाही. अंतराचा हिशोब किलोमीटरमध्ये न करता तासांत करावा. सपाट राज्यमार्गावर लहानमोठे थांबे धरून ताशी ३५ किलोमीटर आणि घाटात ताशी २० किलोमीटर इतकीच सरासरी धरावी. दिवसाकाठी गाडी पाच तासांपेक्षा अधिक चालू नये. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे. राहिलेला वेळ पाहण्यासाठी, बोलण्यासाठी आणि विसाव्यासाठी असतो. अन्यथा घरी येऊन फक्त रस्ताच आठवतो.

पाच मुक्कामांचा मार्ग

आपला जिल्हा 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असा दोन भागांत विभागला आहे हे सर्वांस माहीत आहे. घाटावरील पैनगंगेचे पाणी गोदावरीला मिळते, तर घाटाखालील नळगंगा, ज्ञानगंगेचे पाणी पूर्णेतून तापीला जाते. जमीन वेगळी, हवा वेगळी, पाण्याची चवही वेगळी. पुढील मार्गाने गेल्यास हा फरक क्रमाक्रमाने दिसत जातो. एकूण अंतर सुमारे ६३० किलोमीटर आहे.

पहिला दिवस, सोमवार : बुलडाणा, बोथा, खामगाव, शेगाव (सुमारे ७० कि.मी.)

सकाळी आठला निघून बोथ्याच्या घाटाने उतरावे. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात अस्वल व बिबट्या आहेत. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून याच जंगलात येऊन पोहोचला होता. शेतशिवार, नाले, रस्ते ओलांडत तो आला. जंगलाचे तुकडे शेतांच्या बांधांनी आणि नाल्यांनी जोडलेले असतात ही बाब त्यामुळे ध्यानात येते. घाटात गाडी थांबवून स्वयंपाक करू नये, प्लास्टिक टाकू नये आणि वाळलेल्या गवताजवळ विडी-काडी पेटवू नये.

बुलडाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे, तर खामगाव सुमारे ३०० मीटरवर. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी बदलते. म्हणजे हा एक घाट उतरला की हवा दोन अंशांनी तापते. घाटावर व घाटाखाली एकाच वाणाच्या पक्वतेत काही दिवसांचा फरक पडतो, त्याचे हे एक कारण होय.

मुक्काम शेगाव येथे करावा. श्री गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासांत स्वच्छ व माफक दरात सोय होते. गुरुवारी, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत गर्दी असते. म्हणून सोमवारी निघावे असे वर सांगितले. दर्शनानंतर कचोरी खावी, पण दुपारी एखाद्या शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन विहिरीचे पाणी चाखूनही पाहावे. आपण आता खारपाणपट्ट्यात आहोत.

दुसरा दिवस, मंगळवार : शेगाव, वरवट बकाल, हिवरखेड, अकोट (सुमारे ७५ कि.मी.)

शेगावहून उत्तरेकडे निघाले की पूर्णा नदी ओलांडावी लागते. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर बुलडाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, खोल, चिकणमातीची आणि दिसायला अत्यंत सुपीक. परंतु तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही, भूगर्भातील पाणी खारे आहे आणि ते पाणी दिल्यास जमीन चोपण होते. त्यामुळे येथील शेतकरी पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून हरभऱ्यास संरक्षित पाणी देतो. घाटावरच्या शेतकऱ्यास विहिरीच्या पाण्याची किंमत येथे आल्यावर कळते. एखादे शेततळे पाहावे. त्याची खोली, बांधाचा उतार आणि सांडव्याची जागा वहीत टिपून घ्यावी.

जसजसे सातपुड्याकडे जावे तसतशी जमीन बदलते, पाणी गोडे होते आणि केळी व संत्र्याच्या बागा दिसू लागतात. अकोट येथे सायंकाळी सातपुड्याची रांग समोर असते. मुक्काम येथेच करावा.

तिसरा दिवस, बुधवार : अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, चिखलदरा (सुमारे ९० कि.मी.)

अंजनगाव परिसरात विड्याच्या पानांचे मळे व पानपिंपळीची शेती पाहण्यासारखी आहे. पानपिंपळी ही वेल आहे. ती आधारावर चढते आणि तिला सावली व ओलावा लागतो. पांगारा, शेवरी यांसारख्या झाडांच्या आधाराने व सावलीत थोड्या जमिनीत कुटुंबाची मेहनत ओतून हे पीक घेतले जाते. याच भागात आंबिया बहाराची संत्री या दिवसांत तोडणीस आलेली असतात.

बागायतदारांसाठी एक सूचना. रस्त्यालगत विक्रीस ठेवलेली संत्र्याची कलमे पाहून मोह होतो. ती घेऊ नयेत. कलमाच्या मुळांसोबत डिंक्या व मूळकुज रोगाची बुरशी आपल्या शेतात येते आणि तिचा उपद्रव झाडे फळावर आल्यानंतर ठळकपणे दिसतो. कलमे नेहमी नोंदणीकृत रोपवाटिकेतून, जंबेरी किंवा रंगपूर लाईम खुंटावरील, खात्री करूनच घ्यावीत.

परतवाड्यानंतर घाट सुरू होतो. दुपारी तीनपर्यंत चिखलदऱ्यास पोहोचावे. सुमारे ११०० मीटर उंचीवरील हे ठिकाण महाराष्ट्रातील कॉफीच्या लागवडीसाठी ओळखले जाते. अकोटच्या मानाने येथील हवा पाच अंशांनी थंड असते, म्हणूनच हे झाड येथे सावलीत तग धरते. तेच झाड अकोल्याच्या उन्हाळ्यात टिकणार नाही. पीक चांगले आहे एवढ्यावरून ते आपल्या शेतात आणू नये. हवा, उंची व जमीन आधी पाहावी, हे येथे एका नजरेत समजते. सायंकाळी भीमकुंड व गाविलगड पाहावा. रात्री थंडी पडते, लहान मुलांसाठी स्वेटर व कानटोपी बरोबर ठेवावी.

चौथा दिवस, गुरुवार : चिखलदरा, परतवाडा, अकोट, अकोला (सुमारे १३५ कि.मी.)

हा सर्वांत लांब टप्पा आहे. घाट धरून साडेचार ते पाच तास लागतात. सकाळी साडेआठला निघावे, म्हणजे धुके विरलेले असते. घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढवावी लागली त्याच गिअरमध्ये उतरवावी; सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास ब्रेक तापून निकामी होतात. अकोल्यास दुपारी पोहोचून विश्रांती घ्यावी. स्त्रियांना बाजारात जाण्यास हा वेळ मोकळा ठेवावा.

पाचवा दिवस, शुक्रवार : अकोला, पातूर, मालेगाव, मेहकर, लोणार (सुमारे १३० कि.मी.)

सकाळी नऊ ते साडेअकरा डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रास भेट द्यावी. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठात कापूस, कडधान्ये, तेलबिया, फळे यांचे स्वतंत्र संशोधन विभाग आहेत. यावेळी कपाशी व तूर शेतात उभी असते. हरभऱ्याच्या जाकी ९२१८, पीडीकेव्ही कांचन, पीडीकेव्ही कनक या वाणांविषयी माहिती घ्यावी. पंधरा दिवस आधी पत्र पाठवून दिवस व वेळ कळवावी, म्हणजे शास्त्रज्ञ भेटतात. सुट्टीच्या दिवशी येऊन रिकाम्या हाताने परतण्याची वेळ येऊ देऊ नये. जाताना आपल्या शेतातील रोगट फांदी किंवा पाने कागदात गुंडाळून न्यावीत आणि कुटुंबातील स्त्रियांनीही प्रश्न विचारावेत. निंदण, वेचणी आणि बियाणे निवडणे ही कामे त्याच करतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न नेमके असतात.

वेळेत निघाल्यास जेवण धरून साडेचारच्या सुमारास लोणारला पोहोचता येते.

सहावा दिवस, शनिवार : लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, चिखली, बुलडाणा (सुमारे १३० कि.मी.)

लोणारचे सरोवर सकाळच्या उन्हात काठावरून पाहावे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. सन २००० मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते. पाणी आटून क्षारता वाढल्याने क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढले व त्यांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला, असे तपासणीत आढळले.

शेतकऱ्याने येथे एक गोष्ट अवश्य पाहावी. विवराच्या काठावर गोमुखाची धार आहे. तिचे पाणी गोडे. खाली सरोवराचे पाणी मात्र इतके अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. गोडे पाणी आत येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षे हेच चालले आहे. ज्या शेतात आपण पाणी भरपूर देतो, पण चर काढत नाही, तेथेही लहान प्रमाणात हेच घडत असते. चार दिवसांपूर्वी पूर्णेकाठी पाहिलेली चोपण जमीन आणि हे सरोवर यांचा एकत्र विचार केल्यास निचऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. दैत्यसूदन मंदिर पाहून साडेनऊला निघावे. सरोवरात उतरण्याबाबत वनविभागाच्या सूचना पाळाव्यात.

सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. राजवाडा व लखुजीराजे जाधवांची समाधी पाहिल्यानंतर मोती तलाव व पुतळा बारव पाहण्यास विसरू नये. कमी पावसाच्या या मुलखात जाधवरावांच्या काळातील लोकांनी पाणी अडविण्याचे व जपण्याचे काम किती विचारपूर्वक केले होते, हे तलावाच्या भिंतीवर उभे राहिल्यावर दिसते. पुढे देऊळगावराजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाला पिकांचे संकरित बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. दहा-वीस गुंठ्यांत हाताने परागीकरण करून उत्पन्न घेणारी ही कुटुंबे आपल्याच जिल्ह्यातील आहेत. बालाजीचे दर्शन घेऊन चिखलीमार्गे पाचच्या आत घरी पोहोचावे.

ज्यांना इतके दिवस शक्य नाहीत त्यांनी पहिला मुक्काम शेगाव व दुसरा लोणार असा दोन मुक्कामांचा बेत करावा. शेगावहून खामगाव-मेहकर मार्गे लोणार गाठता येते आणि तिसऱ्या दिवशी सिंदखेडराजा करून घरी परतता येते.

वाहन व खर्च

१) पाच कुटुंबांतील दहा माणसांचा गट सोयीचा असतो. वाहन प्रवासी परवान्याचेच भाड्याने घ्यावे. ओळखीच्या माणसाची खाजगी गाडी भाड्याने घेतल्यास अपघातप्रसंगी विम्याची भरपाई अडचणीत येते. मालवाहू गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसवून लांबचा प्रवास करू नये.

२) लिटरला १० किलोमीटर धरल्यास ६३० किलोमीटरला ६३ लिटर डिझेल लागते. घाट व स्थानिक फेऱ्या धरून ७० लिटरचा अंदाज करावा आणि त्या दिवसाच्या दराने गुणावे. त्यात गाडीभाडे, पाच रात्रींचे भाडे, चालकाचे जेवण व झोपण्याची सोय मिळवून दहाने भागावे. आलेल्या रकमेत दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी वाढवावा. मुक्कामाचे भाडे हा खर्च कधीही कापू नये.

३) चालकास रात्री किमान सात तास स्वच्छ जागी झोप मिळाली पाहिजे. त्यास गाडीतच झोपण्यास सांगणे ही काटकसर नव्हे.

४) पाचही मुक्कामांची खोली आधी सांगून ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत चिखलदरा व शेगाव येथे ऐनवेळी जागा मिळत नाही.

५) बरोबर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, नेहमीची औषधे, विजेरी, ओळखपत्रे आणि प्रत्येक कुटुंबाची एक वही असावी. वहीत रोज रात्री तीनच गोष्टी लिहाव्यात : आज जमीन कशी पाहिली, पाण्याची सोय कशी पाहिली आणि आपल्या शेतात काय करून पाहावेसे वाटले.

परत आल्यावर

रविवारी सकाळी प्रथम शेतात जावे. हरभरा, सापळे, जनावरे पाहावीत आणि ज्याने मागे सांभाळले त्याच्या घरी जाऊन आभार मानावेत; पुढील वर्षी त्याची पाळी आहे हे त्यास आठवणीने सांगावे. आठवड्याभरात गावातील पारावर किंवा समाजमंदिरात बसून वह्यांतील नोंदी इतरांना वाचून दाखवाव्यात. पाहिलेल्या दहा गोष्टींपैकी एकच गोष्ट, तीही प्रथम गुंठाभर जागेत, करून पाहावी.

हात मोडलेला तो शेतकरी दुसऱ्या वर्षी पुन्हा आमच्याबरोबर आला. यावेळी आईलाही घेऊन आला. लोणारच्या काठावर ती माउली बराच वेळ उभी होती. तिचे माहेर तेथून पंचवीस किलोमीटरवर, पण सरोवर पहिल्यांदाच पाहत होती. मुलगा म्हणाला, "साहेब, दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नेतो." तेव्हा शेतकरी बंधूंनो, या वर्षी हरभरा पेराल त्या दिवशीच कॅलेंडरवर आठवा दिवस मोजावा आणि त्यापुढील सोमवारावर खूण करून ठेवावी.